गावाच्या पाण्याचा ताळेबंद

ज्या गावात श्रावणात ओढे वाहतात, बंधारे भरून सांडतात आणि विहिरींचे पाणी हाताला लागते, त्याच गावास मार्चअखेर पिण्याच्या पाण्यासाठी टँकर मागवावा लागतो, हा अनुभव महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात नवा नाही. अशा गावांपैकी कित्येकांत बांधबंदिस्ती झालेली असते, नाला खोलीकरण झालेले असते, झाडेही लावलेली असतात. कामांत कसूर झालेली नसते. कसूर झालेली असते ती हिशेबात. पाणी किती जिरले हे कोणी मोजलेले नसते आणि किती उपसले जाणार आहे हे कोणी विचारलेले नसते. पेरणी ज्याची त्याने आपल्या विहिरीकडे पाहून केलेली असते; परंतु सर्वांच्या विहिरींत पाणी येते ते एकाच भूगर्भातून, ही गोष्ट पंप बंद पडू लागल्यावरच ध्यानात येते.

गावाच्या अर्थव्यवहारावर आणि गावाच्या निसर्गसंपत्तीवर एकाच वेळी नजर ठेवील अशी संस्था गावपातळीवर एकच आहे, व ती म्हणजे ग्रामसभा आणि तिच्या वतीने काम करणारी ग्रामपंचायत. बंधारा शासन बांधू शकते, विहिरीस अनुदान पंचायत समितीमार्फत मिळू शकते, पिकाचा भाव बाजार ठरवितो. मात्र या वर्षी शिवारात किती पाणी आहे आणि त्यावर किती एकर गहू उभा राहू शकेल, हे चार बांध ओलांडून शेजाऱ्यास सांगण्याचे काम बाहेरचा कोणी करू शकत नाही. ते काम कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

कातळातील साठवण

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट खडक पसरला आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत जसे खोलवर पाणी साठते, तसे या कातळात साठत नाही. वरची माती, तिच्याखालचा मुरूम, आणि त्याखालचा भेगाळलेला खडक एवढ्याच थरांत पाणी राहते. खालचा घट्ट कातळ जवळजवळ कोरडा असतो. मुरमाच्या व फुटक्या कातळाच्या थरांतही उपसता येण्याजोगे पाणी शेकडा १ ते ३ एवढेच असते. याचा अर्थ असा की, पाण्याने भरलेला एक मीटर जाडीचा थर पूर्ण उपसला तरी त्यातून निघणारे पाणी जमिनीवर पसरल्यास १ ते ३ सेंटीमीटर उंचीचे भरेल. विहिरीत आठ-दहा हात पाणी दिसले म्हणजे शेतकऱ्याचे मन निश्चिंत होते; पण ते आठ-दहा हात पाणी विहिरीच्या पोकळीतील आहे. सभोवतालच्या खडकात त्याच्या मागे उभे असलेले पाणी फारच थोडे असते.

या खडकाचा दुसरा गुण असा की, तो एका चांगल्या पावसाळ्यात भरतो आणि एका रब्बी हंगामात रिकामा होतो. पुढील तीन-चार वर्षांसाठी शिल्लक टाकण्याची त्याची ऐपत नाही. म्हणून येथे हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. मागल्या वर्षीचा ठराव या वर्षी चालत नाही.

आता विहिरी आटल्यावर विंधनविहीर घ्यावयाची, हा मार्ग गेल्या चार दशकांत सर्रास रूढ झाला. प्रथम २०० फूट, मग ४००, मग त्याहूनही खोल. कातळातील एखादी खोल भेग हाती लागली तर काही वर्षे पाणी मिळते. परंतु खोल भेगांत येणारे पाणीही वरच्याच थरांतून झिरपलेले असते. म्हणून एका शेतकऱ्याची खोल विंधनविहीर लागली की आसपासच्या उथळ विहिरींचे पाणी उतरते. ज्याची विहीर तीस-पस्तीस फुटांची आहे आणि ती अधिक खोल नेण्यास ज्याच्यापाशी पैसा नाही, तो अल्पभूधारक प्रथम पाण्यास मुकतो. त्याच्यानंतर गावाचा आड आणि हातपंप. भूजलाच्या अनिर्बंध उपशाची किंमत उपसणारा सर्वांत शेवटी देतो, हे या प्रश्नाचे मर्म आहे. म्हणूनच तो केवळ शेतकऱ्याच्या शहाणपणावर सोडता येत नाही.

अधिकार कोणाचा

बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालानंतर देशभर पंचायत राज्याची जुळवाजुळव सुरू झाली. आपल्या राज्यात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. ग्रामपंचायतींचा कायदा त्यापूर्वीचा, १९५८ चा आहे. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याजोगे २९ विषय नमूद केले. शेती, मृदसंधारण, लघुपाटबंधारे, पाणी व्यवस्थापन व पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, पिण्याचे पाणी, जळण व चारा हे विषय त्यांत आहेत. आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करणे हे पंचायतींचे काम होय, असेही घटनेत स्पष्ट म्हटले आहे. गावाचे उत्पन्न वाढविणे आणि गावाचे पाणी, कुरण व माती राखणे ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच संस्थेकडे आली. ती दोन वेगळ्या कपाटांत ठेवण्याची रीत मात्र अजून गेलेली नाही.

भूजलासंबंधी स्वतंत्र कायदेही झाले आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेऊ नये, हे बंधन १९९३ च्या कायद्याने घातले. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यात विहिरींची नोंदणी, शेती व उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींस मनाई, आणि अधिसूचित क्षेत्रांत पाणलोटनिहाय समित्यांमार्फत भूजल वापराची व तदनुसार पिकांची योजना अशा तरतुदी आहेत. कायदा चांगला आहे. परंतु रात्री गावात आलेले विंधनयंत्र पाहणारा तालुक्याचा अधिकारी नसतो, गावकरीच असतात. आणि ते बोलले नाहीत तर कायदा कागदावर राहतो. पिकांच्या निवडीविषयी ग्रामसभा जो ठराव करते त्याचे बळही मुख्यतः संमतीचेच आहे. उसास बंदी घालून दंड वसूल करणे हा ग्रामपंचायतीचा नित्याचा अधिकार नव्हे. ही अडचण खरी आहे, पण ती दुर्लंघ्य नाही, असे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

जुनी वहिवाट व नवे प्रयोग

पाण्याकडे पाहून सर्वांनी मिळून पीक ठरविणे ही कल्पना या प्रदेशास परकी नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा व तिच्यासारख्या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे दरवर्षी पाण्याच्या अंदाजाने ठरे. पाणी देणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या हे शेतकऱ्यांनीच नेमलेले. प्रत्येक फडात बहुतेकांची थोडी थोडी जमीन असल्यामुळे बारमाही पिकाचा फड एकट्याचा होत नसे. ही पद्धत कोणत्याही खात्याने घालून दिलेली नव्हती. ती नदीच्या वाहत्या पाण्यावर होती, एवढाच फरक. नदीचे पाणी डोळ्यांस दिसते, भूगर्भातील दिसत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी देवस्थानाची ४० एकर जमीन कराराने घेऊन पाणलोटाचा प्रयोग केला आणि १९७४ पासून त्यातून पाणी पंचायतीचा विचार उभा राहिला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचा, माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी, भूमिहीनासही वाटा, ऊस घ्यावयाचा नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी आधी भरावयाचा, असे तिचे नियम होते. हे नियम कठोर वाटतात. ते टिकले तेथे टिकण्याचे कारण असे की, योजना होण्यापूर्वी सर्वांनी ते मान्य केले होते. पाणी आल्यानंतर वाटणीचा नियम करू गेल्यास भांडण होते, पाणी येण्यापूर्वी केल्यास करार होतो.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) हे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या या गावात पाऊस बेताचाच, सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. एके काळी पैलवानांसाठी नावाजलेले हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेले; डोंगर उघडे पडले, पाणी आटले, माणसे मजुरीसाठी मुंबई-पुण्याकडे गेली. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, व पुढे आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाल्यानंतर, डोंगरावरील सलग समतल चर, मातीचे बांध व झाडोरा ही कामे श्रमदानाच्या जोडीने झाली. पाहुणे जातात ते बहुधा हे चर व बंधारे पाहून परततात. परंतु गावाचे खरे वेगळेपण त्यांत नाही. चराई बंदी, कुऱ्हाड बंदी, शेतीसाठी विंधनविहिरीस बंदी आणि उसासारख्या अतिपाण्याच्या पिकांस बंदी, हे नियम ग्रामसभेने केले व पाळले. आणि २००४ पासून दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडून रब्बीची पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. पाऊस कमी झाला त्या वर्षी गव्हाचे क्षेत्र आवरते घ्यावयाचे, हे तेथे आकड्यांवरून ठरते. डोंगरावरील गवत जनावरे सोडून न चारता कापून आणण्याची शिस्त लागल्यामुळे चारा वाढला, चाऱ्यावर दुभती जनावरे वाढली आणि दुधाचा पैसा घरोघर येऊ लागला. उसावाचून गाव दरिद्री राहते, ही समजूत या एका गावाने तरी खोटी ठरविली.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. हिवरे बाजारचे नियम उतरून घेऊन आपल्या ग्रामसभेत एका ठरावाने मंजूर करण्याची घाई पुष्कळ गावांनी केली आणि सहा महिन्यांत ते नियम मोडले. तेथे चराई बंदीपूर्वी चाऱ्याची सोय, आणि पीकबंदीपूर्वी विहिरींची मोजणी, हा क्रम होता.

हिशेब कसा मांडावा

ताळेबंदाचे गणित पाचवीच्या मुलास येईल एवढे सोपे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडले. एका टँकरभर समजावे. समजा, गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर झाला. तर शिवारावर पडलेले पाणी ४० लाख घनमीटर. आकडा मोठा आहे आणि तो ऐकून सभेत समाधान पसरते. पण त्यातील बराच भाग मातीची ओल होऊन खरिपाच्या पिकांत व उन्हात जातो, काही ओढ्याने वाहून जातो. कातळात मुरणारा भाग बेसाल्टच्या प्रकारानुसार शेकडा ६ ते १४ असतो. दहावा हिस्सा धरला तर ४ लाख घनमीटर. ही झाली जमा.

आता खर्च. गावची वस्ती १,५०० धरून माणशी दररोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाचे सुमारे ३०,००० घनमीटर लागतील. गाई, म्हशी व बैल मिळून ८०० जनावरे असतील आणि प्रत्येकास दिवसाकाठी ५० लिटर धरले, तर आणखी सुमारे १५,०००. हे ४५,००० घनमीटर प्रथम बाजूस काढावयाचे. ते कोणत्याही पिकास उपलब्ध नाहीत. पुढील वर्षी मृग कोरडा गेला तर काय, याची तजवीज म्हणून, आणि ओढ्याला आपोआप झिरपून जाणारे पाणी म्हणून, आणखी ५५,००० सोडावेत. पिकांसाठी उरले ३ लाख घनमीटर.

या ३ लाखांचे काय होते ते पाहावे. पाटाने पाणी दिल्यास उसाच्या एका हेक्टरास वर्षभरात २०,००० घनमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे सारे पाणी उसास दिले तर १५ हेक्टर ऊस होईल. गव्हास हेक्टरी सुमारे ४,५०० घनमीटर धरल्यास ६६ हेक्टर गहू होईल. हरभऱ्यास ओलीवर पेरून सात-सात सेंटीमीटरच्या दोन पाळ्या दिल्या, तर हेक्टरी १,४०० घनमीटर लागून २१० हेक्टरांहून अधिक क्षेत्र निघेल. पंधरा हेक्टर ऊस चार-पाच खातेदारांचा असू शकतो. दोनशे हेक्टर हरभरा हा निम्म्या गावाचा असतो. प्रत्यक्षात कोणतेच गाव सर्व पाणी एका पिकास देत नाही. परंतु उसाचा प्रत्येक हेक्टर म्हणजे हरभऱ्याचे चौदा हेक्टर, हे प्रमाण एकदा फळ्यावर लिहिले गेले की सभेतील चर्चेचा सूर पालटतो. ऊस हे पीक वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. धरणाच्या लाभक्षेत्रात त्याचा विचार निराळा आहे. चारशे मिलिमीटर पावसाच्या शिवारात विहिरीवरचा ऊस म्हणजे शेजाऱ्याच्या रब्बीवर काढलेले कर्ज होय.

वरील आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येक गावाने आपले आकडे आपण काढावयाचे असतात, आणि तेथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे काम आहे. पाऊस मोजण्यास पंचायतीच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक हवे. महसूल मंडळातील केंद्राचा आकडा पाच-दहा किलोमीटरवरचा असतो व वळवाचा पाऊस एका बांधावर पडून दुसऱ्यावर पडत नाही. पाणलोटाचा माथा, मध्य व पायथा अशा तिन्ही ठिकाणच्या काही विहिरी निरीक्षणासाठी निवडाव्यात. विहिरीच्या कठड्यावर एक रंगाची खूण करावी आणि तिच्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने घ्यावे. मोजणी पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी करावी; चालू पंपाच्या विहिरीतील आकडा फसवा असतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत घेते. गावाने त्याच महिन्यांत घेतल्यास दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. पीकक्षेत्राची माहिती २०२१ पासून शेतकरी मोबाइलवरून ई-पीक पाहणीत नोंदवितात. ती तलाठी दप्तरातून मिळते, मात्र रब्बीच्या ताळेबंदासाठी ती उशिरा पडते. तेव्हा पेरणीपूर्वी खातेदारांना 'काय पेरणार' हे विचारून वेगळी यादी करणे हाच मार्ग.

शेततळे आणि ठिबक यांविषयी

हिशेबातून हमखास निसटणाऱ्या दोन बाबी आहेत आणि दोन्ही सुधारणेच्या नावाने येतात. शेततळे हे वाहून जाणारे पावसाचे पाणी अडविण्यासाठी असते. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली कित्येक तळी पावसाने भरत नाहीत. ती हिवाळ्यात विहिरी व विंधनविहिरींतून पंपाने भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेले, सर्वांच्या वाट्याचे पाणी अशा रीतीने वर उन्हात आणून एकाच्या मालकीचे केले जाते. त्यात नुकसान दुहेरी आहे. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला ७ मिलिमीटर पाणी वाफेने उडते असे धरल्यास रोज ६,३०० लिटर पाणी हवेत जाते. माणशी ५५ लिटरांच्या हिशेबाने ते ११० माणसांचे दिवसाचे पाणी झाले. फळबागायतदाराची अडचण खोटी नाही. उन्हाळ्यात दोन पाळ्या चुकल्या तर पाच वर्षांची डाळिंबाची बाग जाते. परंतु त्याच्या तळ्यात शिरलेले पाणीही गावाच्या खर्चाच्या बाजूस लिहिले गेले पाहिजे. अनुदानाच्या अर्जांची शिफारस ग्रामसभेपुढे येते तेव्हा हे तळे कशाने भरणार, एवढा एक प्रश्न विचारण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही.

ठिबकाने पाणी वाचते यात शंका नाही. मात्र वाचलेले पाणी कोठे जाते, हे पाहावे. बहुधा तोच शेतकरी वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बागायत करतो. त्याचे उत्पन्न वाढते, आणि ते वाढावेच. पण गावाच्या भूजलातून उपसा पूर्वीएवढाच राहतो. किंबहुना पाटाने दिलेल्या पाण्याचा जो थोडा भाग परत मुरत असे, तोही थांबतो. ठिबक बसविल्याने गावाचे पाणी वाढले असे मानून ताळेबंदात जमेस आकडा धरू नये. उपसा कमी झाल्याचे विहिरीच्या मोजणीत दिसले तरच धरावा.

सभेचे काम

कायद्याने ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका व्हावयाच्या असतात, आणि तत्पूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावयाची असते. पाण्याच्या ताळेबंदासाठी रब्बीच्या पेरणीआधीची सभा महत्त्वाची. दिवाळी उलटून गेल्यावर घेतलेल्या सभेत पेरलेल्या रानाचे काहीच करता येत नाही. महिलांच्या सभेत हा विषय आधी ठेवावा. पाणी भरण्याचे काम ज्यांच्या माथी आहे त्यांना कोणता हातपंप कोणत्या महिन्यात कोरडा पडतो हे तोंडपाठ असते, आणि पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढण्याचा आग्रह त्यांच्याइतका दुसरा कोणी धरीत नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुढे गणपूर्तीवाचून घेता येते हे खरे. पण तशा पंधरा माणसांच्या सभेत मंजूर केलेला ताळेबंद कोणी पाळणार नाही, तेव्हा तो न मांडलेलाच बरा. वाड्यावस्त्यांवर आधी बैठका घेऊन आकडे समजावून द्यावेत, विहीरवाल्या बागायतदारांशी स्वतंत्र बोलावे आणि मगच सभा बोलवावी. विरोध व्हावयाचाच. तो बहुधा आकड्यांवर होतो: "आमच्या विहिरीला इतके पाणी कमी कसे?" अशा वेळी वाद न घालता त्या शेतकऱ्यासह दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याच विहिरीवर टेप घेऊन जावे.

गावाची शिव आणि पाणलोटाची सीमा एक नसते, ही आणखी एक अडचण. वरच्या गावाने ओढ्यावर बंधारे घातले तर खालच्या गावाचे पाणी घटते. खालच्या गावाने खोल विंधनविहिरी घेतल्या तर वरच्याचा झिरपा वेगाने खाली जातो. हा तंटा दोन ग्रामसभांना आपापसांत मिटविता येत नाही. येथे पंचायत समितीने एका पाणलोटातील गावांचे ताळेबंद एकत्र लावून पाहावयास हवेत. भूजल यंत्रणेने राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडलेले आहेत. आपले गाव कोणत्या पाणलोटात येते आणि तो सुरक्षित, अंशतः शोषित की अतिशोषित वर्गात आहे, हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात समजते. केंद्र शासनाच्या अटल भूजल योजनेत, जी २०२० पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविली गेली, ग्रामपंचायतीने जलसुरक्षा आराखडा करावा अशी अट होती. त्याकरिता तयार झालेले आराखडे पुष्कळ पंचायतींच्या दप्तरात आहेत. ते बाहेर काढून त्यांतील विहिरींची यादी व पीकक्षेत्र आजच्या स्थितीशी ताडून पाहिले, तर पहिल्या वर्षाचे निम्मे काम वाचेल.

जानेवारीतील मोजणी सहसा टाळली जाते, कारण तेव्हा कोणास पाण्याची चिंता नसते. ती टाळू नये. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पातळी किती उतरली यावरून मार्चमध्ये काय होणार हे कळते, आणि उन्हाळी भुईमूग वा भाजीपाला लावण्यापूर्वी शेतकऱ्यास सावध करण्याची तीच शेवटची वेळ असते. उतार ताळेबंदात धरल्याहून अधिक आढळल्यास पंचायतीने त्याच आठवड्यात फळ्यावर आकडे लावावेत, दवंडी द्यावी व उन्हाळी लागवडीचे क्षेत्र किती ठेवावे हे ठरविण्यास २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यावा. त्या सभेत मागील ऑक्टोबरचा तक्ता जसाच्या तसा शेजारी टांगलेला असावा. त्यातील चुकलेला आकडा खोडून नवा लिहू नये, बाजूस लिहावा, म्हणजे पुढील वर्षी अंदाज कोठे हुकला ते नव्या सदस्यांनाही दिसेल.